कौशल्य मागावे, छाप मागू नये

कळंबोलीच्या स्टील मार्केटातील गाळ्यांच्या दारांवर, मालवाहतुकीच्या कचेऱ्यांत आणि तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या फाटकांवर कारकुनाच्या, हिशेबनिसाच्या किंवा कॉम्प्युटर ऑपरेटरच्या जागेसाठी ज्या जाहिराती लागतात, त्यांत वयाची अट बदलते, शिक्षणाची अट बदलते, पगाराचा आकडाही बदलतो; पण ‘एमएस ऑफिस येणे आवश्यक’ ही ओळ सहसा बदलत नाही. ती लिहिणाऱ्या मालकाच्या मनात कोणाचे अकल्याण नसते. पत्र नीट लिहिणारा, तक्ता नीट मांडणारा आणि आकड्यांत न चुकणारा मनुष्य हवा, एवढाच त्याच्या लेखी त्या ओळीचा अर्थ. तथापि ती ओळ प्रत्यक्षात कसब मागत नाही, एका कंपनीच्या विक्रीच्या एका वस्तूची ओळख मागते. आणि जो तरुण हीच सारी कामे लिबरऑफिससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर मन लावून शिकला आहे, त्याचा अर्ज वाचला जाण्याआधीच बाजूला सारते. माझे म्हणणे असे की, नोकरी देणाऱ्याला उमेदवाराच्या कौशल्याची कसून परीक्षा घेण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु ते कौशल्य कोणत्या छापाच्या साधनावर मिळवले, ही अट त्याने घालू नये, आणि या बाबतीत पहिले पाऊल सरकारने उचलावे.

शीव-पनवेल महामार्ग जिथे पुण्याच्या द्रुतगती मार्गाला मिळतो, त्या नाक्याभोवती सिडकोने वसवलेल्या कळंबोलीत लोखंडाचा व्यापार आहे, ट्रकांचे तळ आहेत, न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या मालाची कागदपत्रे तयार करणाऱ्या कचेऱ्या आहेत, आणि या सर्वांच्या आधाराने राहणारी माथाडी कामगारांची, ट्रकचालकांची आणि कारखान्यांतील मजुरांची कुटुंबे आहेत. या घरांतील मुलगा किंवा मुलगी बारावी होऊन किंवा पदवी घेऊन जी पहिली नोकरी शोधते, ती बहुधा संगणकापुढे बसण्याचीच असते. सरावासाठी घरात असतो तो दुसऱ्याच्या हातून आलेला एखादा जुना लॅपटॉप. त्यावर ‘आवश्यक’ ते सॉफ्टवेअर घालण्याचे तीन मार्ग त्या मुलापुढे असतात. वर्षाकाठी काही हजार रुपये वर्गणी भरून परवाना घ्यावा, हा पहिला; ज्या घरात शिकवणीच्या फीचाही हप्ता पाडून घ्यावा लागतो, तेथे हा मार्ग बहुतेक बंदच. कोणाकडून तरी फोडलेली प्रत घालून घ्यावी, हा दुसरा. आणि खरे बोलायचे तर हाच सर्वांत रुळलेला. सॉफ्टवेअर उद्योगाच्या बीएसए या संघटनेने 2018 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारतातील विनापरवाना सॉफ्टवेअरचे प्रमाण 56 टक्के सांगितले होते. तिसरा मार्ग म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर, जे कोणीही विनामूल्य घ्यावे, हव्या तितक्या यंत्रांवर घालावे, शेजाऱ्याला द्यावे, आणि ज्याला गती असेल त्याने त्याची मूळ संहिता उघडून तपासावी व सुधारावी. या तिहींत कायद्याने निर्वेध आणि खिशाला झेपणारा असा हा एकमेव मार्ग असताना, त्या मार्गाने आलेल्या मुलालाच आपण दारात अडवतो.

दुसऱ्या मार्गाविषयी आपल्या समाजात जी बेफिकिरी आहे, तिची मला मनापासून चिंता वाटते. प्रताधिकार अधिनियम 1957 च्या कलम 63 ब प्रमाणे, बेकायदेशीर प्रत आहे हे ठाऊक असून संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपासून 2 लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून केवळ दंडावर सोडू शकते, इतकीच सवलत. म्हणजे ज्या मालकाच्या कचेरीत फोडलेल्या प्रती चालतात, तो रोज कायद्याची जोखीम डोक्यावर घेऊन बसलेला असतो. परंतु दंडाहून मोठी हानी वेगळीच आहे. विशीतल्या तरुणाला आपण असे शिकवतो की, नोकरीची पात्रता मिळवायची असेल तर पहिली पायरी चोरीची असली तरी चालेल. नोकरीत शिरण्याआधीच सचोटीला मुरड घालावयास लावणारी अट समाजाने निमूटपणे मान्य करावी, ही गोष्ट मला सहन होण्यासारखी वाटत नाही.

आता कौशल्य म्हणून जे म्हणतात ते नेमके काय असते, हे आमच्या बाजारातील एका साध्या कामावरून पाहू. सळईचा व्यापारी माल मोजतो तो वजनावर, आणि प्रत्यक्ष वजनकाट्यावर गाडी जाण्याआधी अंदाजी वजन काढतो ते सर्वांना पाठ असलेल्या एका सूत्राने: व्यासाचा मिलिमीटरमधील आकडा घ्यावा, त्याचा वर्ग करावा, त्याला 162 ने भागावे, जे येईल ते एका मीटर सळईचे किलोमधील वजन. 12 मिलिमीटरची, 12 मीटर लांबीची एक सळई घेतली तर 144 भागिले 162 गुणिले 12, म्हणजे सुमारे 10.67 किलो. हा हिशेब तक्त्यात बसवायचा तर पहिल्या रकान्यात व्यास, दुसऱ्यात लांबी, तिसऱ्यात नग, चौथ्यात सूत्र, आणि मग काट्यावरच्या भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून येणारे निव्वळ वजन शेजारी मांडून दोहोंतील तफावत दाखवायची. यात बुद्धीचे काम कोणते? सूत्र कोणते हे जाणणे. एका ओळीत लिहिलेले सूत्र खालच्या शंभर ओळींत ओढताना कोणता संदर्भ हलू द्यायचा व कोणता जखडून ठेवायचा हे समजणे. आणि तफावत नेहमीपेक्षा अधिक दिसली की मालकाच्या नजरेस आणून देणे. हे ज्याला कळले, त्याचा तक्ता एक्सेलमध्ये जसा बरोबर येतो तसाच लिबरऑफिसच्या कॅल्कमध्येही येतो. सूत्र त्याच चिन्हांनी लिहावे लागते आणि उत्तर दशांशापर्यंत तेच येते. ज्याला हे कळले नाही, त्याच्यापुढे जगातील सर्वांत महागडे सॉफ्टवेअर उघडून ठेवले तरी चुकीचा आकडा अधिक सुबक दिसेल, याहून अधिक काही होणार नाही.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. ज्या काळात गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटांतून यंत्रांची टकटक ऐकू येई, त्या काळात एखाद्या संस्थेत रेमिंग्टनची यंत्रे असत, दुसरीत हाल्डाची, आणि 1955 साली गोदरेजने स्वदेशी टंकलेखन यंत्र बाजारात आणल्यावर तिसरीत गोदरेजची. परीक्षा सरकारी असे. ती विचारी मिनिटाला 30 शब्द की 40, भाषा मराठी की इंग्रजी, आणि चुका किती. दाखल्यावर भाषा लिहिली जाई, वेग लिहिला जाई. यंत्राच्या कारखान्याचे नाव लिहिले जात नसे. उमेदवार एका यंत्रावर शिकून दुसऱ्या यंत्रावर रुजू होई, कळफलकातील लहानसहान फरक थोड्या दिवसांत बोटांच्या अंगवळणी पडे, आणि कचेरीचे काम चालू राही. त्या शिरस्त्यात एक शहाणपण होते: राज्यसंस्थेने माणसाच्या हाताची परीक्षा घ्यावी, बाजाराने कोणते यंत्र विकावे हे बाजारावर सोडावे. टंकलेखन यंत्राची जागा संगणकाने घेतली तेव्हा यंत्र बदलले हे ठीकच. पण त्या बदलाबरोबर हे शहाणपणही आपण सोडून दिले, ही चूक झाली.

ती कशी झाली हे शोधणे कठीण नाही. 2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम राज्यभर नेला, आणि तालुक्यातालुक्यांतील लक्षावधी मुलांना, गृहिणींना व सरकारी नोकरांना संगणकाची पहिली ओळख करून दिली. या कार्याचे मोल मी कमी लेखणार नाही. ज्या घरात कोणी संगणकाला हात लावला नव्हता, त्या घरातील मुलीला त्याने धीर दिला. परंतु ही ओळख घडली ती विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांच्या आधारे. आणि ज्या दाखल्याच्या बळावर सरकारी नोकरीत पाऊल पडते, तो दाखला ज्या साधनावर शिकून मिळतो तेच साधन म्हणजे ‘संगणक’, असा समज एका संपूर्ण पिढीच्या मनात रुजला. खाजगी मालकाने जाहिरातीत जे लिहिले ते त्याने आपल्या डोक्याने शोधून काढलेले नाही. सभोवार जे पाहिले तेच त्याने उतरवून घेतले.

मात्र गेल्या काही वर्षांत याच सरकारी व्यवस्थेत दुसरी एक गोष्ट घडून आली आहे, आणि तिच्याकडे मालकांचे व पालकांचे लक्ष वेधणे मला अत्यंत आवश्यक वाटते. केंद्र सरकारच्या नायलिट या संस्थेचा, पूर्वी डोएक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सोसायटीचा, सीसीसी हा संगणकाचा प्राथमिक अभ्यासक्रम 2019 पासून लिबरऑफिसवर शिकवला जाऊ लागला आहे. रायटर, कॅल्क आणि इम्प्रेस ही त्यातील प्रकरणे आहेत. महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीच्या जाहिराती ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना ठाऊक असेल की संगणक अर्हतेच्या रकान्यात एमएस-सीआयटीच्या जोडीने सीसीसी, ‘ओ’ स्तर वगैरे दाखलेही ग्राह्य धरलेले असतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नववी-दहावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयातही लिबरऑफिसच आहे. म्हणजे कळंबोली, कामोठे, खारघर येथील शाळांत त्या मंडळाच्या अभ्यासक्रमाने शिकणारी मुले शालेय वयात मुक्त सॉफ्टवेअरवर तक्ता मांडतात, त्यावर गुण मिळवतात, आणि त्याच शहरात नोकरीला गेली की त्यांना सांगण्यात येते, तुला हे येत नाही! ज्या दाखल्यावर शासन लिपिकाची नेमणूक करू शकते, तो दाखला लोखंडाच्या गाळ्यातील बिले करावयास अपुरा कसा पडेल?

असे असले तरी मालकांच्या हरकती केवळ हट्टाच्या नाहीत, आणि त्यांना डावलून हा पक्ष मांडणे अन्यायाचे होईल. पहिली हरकत अशी की, एका साधनात केलेला कागद दुसऱ्यात उघडला की विस्कटतो. हे खरे आहे, आणि त्याचे कारणही साधे आहे. वर्डमध्ये अनेक वर्षे कॅलिब्री हा टंक आपोआप निवडला जात असे. तो टंक मुक्त साधनांबरोबर येत नाही, त्याच्या जागी दुसरा बसतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळ लांबते, आणि एका पानाचे पत्र दीड पानावर जाते. यावर उपाय म्हणून त्याच रुंदीची अक्षरे असलेला कार्लिटो नावाचा मुक्त टंक तयार झालेला आहे. तो असला की ओळी पुष्कळ अंशी जिथल्या तिथे राहतात. शिवाय जो कागद समोरच्याने केवळ वाचायचा आहे, बदलायचा नाही, तो पीडीएफ करूनच पाठवावा, ही शिस्त कोणत्याही कचेरीला शोभणारी आहे. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. मोठ्या कंपन्यांच्या हिशेबखात्यांत वर्षानुवर्षे साचत आलेले मॅक्रो असतात, तक्त्यामागे लिहिलेल्या लहान आज्ञावली असतात. त्या लिबरऑफिसमध्ये काही चालतात, काही अडतात, आणि महिनाअखेरीस पगारपत्रक अडले तर त्याचा जाब कारकुनालाच द्यावा लागतो. अशा ठिकाणी ते विशिष्ट काम करणाऱ्या टेबलावर व्यापारी सॉफ्टवेअरचा रीतसर परवाना घ्यावा, याला माझी यत्किंचितही हरकत नाही. पण ज्या कचेरीत दहा संगणक आहेत आणि त्यांपैकी आठांवर पत्रे, दरपत्रके व गाड्यांच्या याद्या यांपलीकडे काही होत नाही, तेथे दोन टेबलांची गरज दहा जणांच्या पात्रतेची अट का व्हावी?

तिसरी हरकत मालकांची असली तरी तिचा दोष सरकारच्या पदरात पडतो. वस्तू व सेवा कराच्या कामासाठी सरकारने दिलेली कित्येक ऑफलाइन साधने, वार्षिक विवरणाचे साधन त्यांत आले, ही मॅक्रो घातलेल्या एक्सेलच्या तक्त्यांच्या रूपात आहेत, आणि त्यांच्या सूचनांत मायक्रोसॉफ्ट एक्सेलची अमुक आवृत्ती असावी असे स्पष्ट लिहिलेले असते. कर भरणे हे नागरिकाचे कायदेशीर कर्तव्य. ते कर्तव्य पार पाडताना एका परदेशी कंपनीची वस्तू विकत घेणे क्रमप्राप्त व्हावे, हे सार्वभौम राज्याला भूषणावह नाही. तेही अशा राज्याला, ज्याच्या केंद्र सरकारने 2010 साली ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण जाहीर केले, 2015 साली शासकीय यंत्रणांत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण काढले, आणि ज्याच्या भारतीय मानक ब्यूरोने 2007 साली मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्र-रचनेला आंतरराष्ट्रीय मानक करण्याच्या प्रस्तावावर नकाराचे मत नोंदवले आणि 2008 सालीही ते कायम ठेवले. ती रचना पुढे मानक झाली, आणि आज लिबरऑफिस तीही वाचते व लिहिते, ही गोष्ट निराळी. परंतु ज्याची धोरणे एक बोलतात त्याची साधने दुसरेच बोलू लागली, तर प्रजेने कोणाचे ऐकावे?

मराठी माणसाने तर कागदाच्या रचनेवर मालकी कोणाची, हा प्रश्न विशेष मनावर घ्यावा, कारण या मालकीची किंमत आपण एकदा मोजलेली आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या ज्या टंकांत लिहिला गेला, कोणी डीव्ही-टीटी सुरेखमध्ये, कोणी शिवाजीत, कोणी श्रीलिपीत, त्या प्रत्येकाची अक्षरांची आतली मांडणी वेगळी होती. त्या काळचे इतिवृत्त, स्मरणिका, शाळेचे अहवाल, पतपेढ्यांच्या वार्षिक सभांचे कागद आजच्या संगणकावर उघडावेत, तो टंक नसावा, आणि पडद्यावर मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरांच्या रांगा दिसाव्यात, हा अनुभव महाराष्ट्रातील असंख्य कचेऱ्यांनी घेतला आहे. मजकूर आपला, भाषा आपली, लिहिणारे आपले. किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती. युनिकोडने अक्षरांपुरता हा प्रश्न सोडवला, तो अक्षरांची मांडणी सर्वांना खुली केल्यामुळेच. कागदाच्या रचनेच्या बाबतीत तेच काम ओडीएफ हे मानक करते, ज्याला 2006 साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्याची संपूर्ण व्याख्या प्रसिद्ध आहे, आणि लिबरऑफिस उद्या बंद पडले तरी दुसरा कोणी तो कागद वाचणारे साधन तयार करू शकेल. हे नुसते अनुमान नव्हे, घडलेले आहे. जर्मनीतील स्टारऑफिस 1999 साली सन कंपनीने घेतले, 2000 साली त्याची मूळ संहिता ओपनऑफिस या नावाने खुली केली. 2010 साली सन ही ओरॅकलच्या ताब्यात गेली, तेव्हा ज्यांना त्या साधनाच्या भवितव्याची काळजी वाटली त्या कार्यकर्त्यांनी तीच संहिता घेऊन लिबरऑफिस उभे केले. मालक बदलले, नावे बदलली, परंतु वापरणाऱ्याचा एकही कागद कुलुपात अडकला नाही.

याउलट काय होऊ शकते, हे 2025 सालच्या जुलैत आपण आपल्याच देशात पाहिले. गुजरातेतील वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध घातले, आणि पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा स्थगित केल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, आणि काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाली. भारताच्या कायद्याने त्या कंपनीने काहीही गैर केलेले नव्हते, परवान्याचे पैसे भरलेले होते. केवळ तक्ता मांडण्याचे साधन बदलून असे संकट टळत नाही, टपालाची व साठवणुकीची व्यवस्थाही आपल्या अखत्यारीत लागते, हे मान्य करूनही त्यातील बोध स्पष्ट आहे: ज्याच्याविना आपले दफ्तर उघडत नाही, त्याच्या मर्जीवर आपला कारभार चालतो. जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याने सुमारे 30 हजार शासकीय संगणक लिबरऑफिसवर नेण्याचा निर्णय 2024 साली जाहीर केला, तो याच विचाराने. त्याच देशातील म्युनिक शहराने मात्र सुमारे 15 हजार संगणक मुक्त प्रणालीवर नेल्यानंतर 2017 साली विंडोजकडे परतण्याचे ठरवले, हेही लपवण्याचे कारण नाही. ज्या शहराभोवतीचे सारे जग दुसऱ्याच साधनावर चालते, तेथे एकट्या शहराने वाट बदलणे दुष्कर होते. आणि एकट्या शहराला जे दुष्कर, ते नोकरी शोधणाऱ्या एकट्या मुलाला किती दुष्कर असेल! म्हणून या बदलाचे ओझे त्या मुलाच्या खांद्यावर टाकणे मला मान्य नाही.

हा बदल होईतोवर त्या मुलाने काय करावे? त्याने मुक्त साधनच निवडावे, आणि निर्धास्तपणे निवडावे, असे मी सांगेन. मात्र काही पथ्ये पाळावीत. तत्त्व शिकावे: संदर्भ, गाळणी, क्रमवारी, पिव्हट तक्ता, एका तक्त्यातील माहिती दुसऱ्यात शोधून आणणारी सूत्रे. व्हीलूकअप कॅल्कमध्ये पहिल्यापासून आहे, आणि एक्सेलमधील नवे एक्सलूकअपही 2024 सालच्या आवृत्तीपासून आले आहे. लिबरऑफिसचा पडदा टॅबांच्या मांडणीत बदलून घेता येतो. तसा तो वापरला म्हणजे मुलाखतीत दुसरा पडदा समोर आला तरी डोळे बावरत नाहीत. दुसऱ्याला पाठवायची प्रत त्याच्या रचनेत साठवावी, आपली मूळ प्रत ओडीएफमध्ये ठेवावी. आणि पाठवण्याआधी एकदा एक्सेलच्या विनामूल्य ऑनलाइन आवृत्तीत उघडून ती कशी दिसते हे पाहावे. शिकवणीला पैसे नसतील तर मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिबरऑफिसवरील पाठ मराठीतही उपलब्ध आहेत; ते लहान आहेत, विनामूल्य आहेत, आणि ऐकता ऐकता हाताने करून पाहण्यासाठीच रचलेले आहेत. मग मुलाखतीत ‘एमएस ऑफिस येते का’ असे विचारले, तर खोटे न बोलता सांगावे: मी लिबरऑफिसवर शिकलो आहे, एक्सेलचे तक्ते उघडतो व सुधारतो, कोणताही तक्ता द्या, आपल्यासमोर करून दाखवतो. ज्या मालकाला माणूस हवा आहे, त्याला एवढे उत्तर पुरे व्हावे.

आणि मालकांनी, विशेषतः आमच्या बाजारातील, आपल्या जाहिरातीतील ती एक ओळ बदलावी. ‘पत्रलेखन व तक्त्यांचे काम संगणकावर करता येणे आवश्यक, प्रात्यक्षिक परीक्षा घेतली जाईल’ असे लिहावे, आणि परीक्षा खरोखर घ्यावी, सळईच्या वजनाचा तक्ता अर्ध्या तासात करावयास सांगितले तर कोणत्याही दाखल्यापेक्षा अधिक कळेल. शासनाने तीन गोष्टी कराव्यात. नोकरभरतीत आणि परीक्षांत साधनाचे नाव न घेता कौशल्य तपासावे, व उमेदवाराला मायक्रोसॉफ्ट ऑफिस आणि लिबरऑफिस या दोहोंपैकी कोणतेही साधन निवडण्याची मुभा द्यावी. नागरिकाला सक्तीने भरावा लागणारा कोणताही नमुना, कोणतेही विवरण, कोणत्याही मुक्त साधनावर उघडेल अशाच रूपात द्यावे. आणि आपले स्वतःचे मराठी दस्तऐवज खुल्या मानकांत जतन करावेत. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. धोरणे कागदावर आहेत, दाखले ग्राह्य आहेत, पाठ तयार आहेत, साधन विनामूल्य आहे. उणीव आहे ती एका निश्चयाची: की या राज्यात कष्टकऱ्याच्या मुलाची पात्रता त्याच्या बुद्धीने आणि हाताने ठरेल, त्याने कोणाचा परवाना विकत घेतला यावरून ठरणार नाही.